जुने माफिया म्हणे तत्त्वाचे होते!

विसूनाना
कट्ट्यावर परत तेच ऐकलं. आताचे गुंड भुरटे, न्यूयॉर्कच्या जुन्या पाच माफिया घराण्यांची बातच और. बायकांच्या कमाईवर जगणं नाही, ड्रग्ज नाहीत, पोलिसांपुढे तोंड उघडणं नाही. अहो, त्यांतल्याच एका घराण्याचा म्होरक्या व्हिटो जेनोव्हेसी 1959 मध्ये अमली पदार्थांच्या कटात 15 वर्षांसाठी आत गेला नि तिथेच मेला. त्याच्याच टोळीतला जो वलाची 1963 मध्ये सिनेटच्या समितीपुढे, तेही टीव्हीवर, घडाघडा बोलला.

गिरगावकर
एकदोघांवरून सगळ्यांना झोडपू नका नाना. नियम होते. सरकारी वकील थॉमस ड्यूईचा काटा काढायला न्यूयॉर्कचा गुंड डच शुल्ट्झ निघाला, तर 1935 मध्ये ह्याच लोकांनी शुल्ट्झला नेवार्कच्या एका खानावळीत गोळ्या घातल्या. हे कोणतं भुरटेपण?

विसूनाना
हा हिशेब झाला. वकील मेला असता तर सगळ्यांच्याच धंद्यावर टाच आली असती. बरं, पुढचं सोयीस्कर गाळलंत! त्याच ड्यूईने पुढच्या वर्षी ह्याच घराण्यांतल्या बड्या म्होरक्याला, लकी लुसियानोला, 30 ते 50 वर्षांची शिक्षा मिळवून दिली. कशाबद्दल? वेश्याव्यवसाय चालवल्याबद्दल. आणि त्या धंद्यातल्या बायकाच साक्षीला उभ्या राहिल्या.

मीनल_ता
दोघेही बडी नावं घेताय. तिथल्या इटालियन वस्तीतल्या साध्या माणसाचं काय? भाषा येत नाही, पोलीस हिंग लावून विचारत नाहीत, कर्ज कोणी देत नाही. तो जाणार कोणाकडे? डोंगरीत करीम लालाच्या दरबारात लोक हौसेने जायचे का?

विसूनाना
जायचे, कबूल. पण त्यांना छळत कोण होतं? 'ब्लॅक हँड' नावाने खंडणी मागणाऱ्यांची धमकीपत्रं इटालियन दुकानदारांनाच यायची. खाली काळा पंजा. पैसे दिले नाहीत तर दुकानात बॉम्ब. त्यांच्या मागे लागलेला जो पेट्रोसिनो हा पोलीस अधिकारीही जन्माने इटालियनच. 1909 मध्ये सिसिलीतल्या पालेर्मोच्या पियाझ्झा मरीना चौकात त्याला मारलं. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या अंत्ययात्रेला लाखावर लोक लोटले. त्यांना कोण आपलं वाटत होतं, ते तुम्हीच बघा.

गिरगावकर
ब्लॅक हँड म्हणजे सुटी टोळकी हो, घराणी नव्हेत. गल्लत करू नका.

विसूनाना
पत्रं टोळक्यांची, बरोबर. पण पेट्रोसिनोच्या खुनाचा संशय होता व्हिटो काशो फेर्रोवर. तो सिसिलीच्या माफियातला बडा माणूस. सिद्ध झालं नाही, हेही सांगतो.

मीनल_ता
माझा मुद्दा राहिलाच. पोलिसांनी वेळीच दाद दिली असती तर यांचं फावलं असतं का?

विसूनाना
कमी फावलं असतं, हे पटतं.

गिरगावकर
काही म्हणा, शिस्त होती.

विसूनाना
वसुलीत होती ना! 'कमिशन' म्हणजे ह्या घराण्यांच्या म्होरक्यांचं मंडळ; त्यावरच्या 1986 च्या खटल्यात सगळं बाहेर आलं. न्यूयॉर्कमधल्या 20 लाख डॉलरवरच्या काँक्रीटच्या कामांवर 2 टक्के कापून जायचे, आणि कोणतं कंत्राट कोणाला हे घराणीच ठरवायची. ते 2 टक्के शेवटी घर घेणाऱ्याच्याच खिशातून गेले असणार, कंत्राटदार पदरचे थोडेच घालतो?