सुधाकरला बुडवलं कोणी, दारूने की मानाने?

पडदेवाला: आमच्या हौशी मंडळात राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकातले तीन प्रवेश बसवतोय. त्यातला वकील सुधाकर माझ्याकडे. वाचनाला बसलेले सगळे म्हणाले, नाटक दारूच्या दुष्परिणामांचं. मला पटेना. आधी कोर्टात मुन्सफाशी वाजतं, वकिलीची सनद काही महिन्यांसाठी जाते. चारचौघांत गेलेला मान त्याला गिळता येत नाही. प्याला त्यानंतरचा. दारुडा तळीराम ओततो तो या दुखऱ्या जागेवर. पुढे सासरचा पैसा शिवायचा नाही ही ऐट याची, आणि ती टिकवायला लोकांची दळणं दळते त्याची बायको सिंधू. मी उगाच फाटे फोडतोय का?

जात्यावरची: फाटे नाहीत हो. पण तुम्हीसुद्धा सुधाकरचंच दुखणं कुरवाळताय. सुधाकरच्या हातून मूल गेलंय, स्वतः त्याच्याचमुळे मरणाच्या दारात, आणि फौजदाराला सिंधू सांगते की मी पडले. माझी आजी या जागेला डोळ्याला पदर लावायची. मी चिडून टीव्हीचा आवाज बंद केला होता. नवऱ्याची अब्रू झाकणं हे त्या घरातलं तिचं शेवटचं काम.

जुनाखांब: गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, नाटक फेब्रुवारीत बडोद्याला लागलं. सिंधू कोण? बालगंधर्व! पतिव्रता पुरुषाने लिहिली, पुरुषाने उभी केली, आणि नेसायची ढब मात्र बायका त्यांच्याकडून उचलत होत्या. गंमतच आहे. (पदं गुर्जरांची, गडकऱ्यांची नव्हेत, दर वेळी कोणीतरी चुकतं.) आणि गीतेला विसरू नका. तळीरामाची बायको नवऱ्याला तोंडावर सुनावते. पण हशा घेणाऱ्या पात्राला सगळं माफ असतं. तेच सिंधूच्या तोंडी घातलं असतं तर?

जात्यावरची: तर फौजदाराच्या प्रवेशाला रडायला कोणी उरलं नसतं.

पडदेवाला: काल तालमीत नेमकं तिथेच अडलं. आमची सिंधू, कॉलेजातली पोरगी, थांबली. "सर, मी हे खोटं नक्की कुणासाठी बोलतेय?" मला उत्तर सुचेना. मग तीच म्हणाली, सुधाकरकडे न बघता बोलून बघू? बोलली. अगदी सपाट आवाजात, दळणाचा हिशोब द्यावा तसं. माझी पुढची वाक्यं पाठ होती, पण हातांचं काय करावं तेच कळेना. शेवटी पाठीमागे बांधून उभा राहिलो. प्रयोगाला तसंच ठेवू का?