युरेनियम कारखान्याच्या हवेचे आकडे गावाला रोज दिसायला नकोत का?

मांजराकाठ (लातूर):
आपल्या सीमेपलीकडं कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात गोगीला युरेनियम सापडलंय, म्हणून हा विषय काढायलोय. माझा खाणीला सरसकट विरोध नाही, हवेचं काय ते सांगा. खनिज फोडताना-दळताना धूळ उडते ती एक, दुसरा रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू, त्याला ना वास ना रंग. युरेनियम काढून घेतलं तरी जवळपास 85 टक्के किरणोत्सार दळलेल्या खनिजाच्या उरलेल्या गाळातच राहतो, त्यातल्या रेडियमपासूनच रेडॉन तयार होतो अन् त्या रेडियमचं अर्धआयुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) 1600 वर्षं, म्हणजे खाण बंद पडली तरी गाळाच्या तळ्यातून रेडॉन निघतच राहणार. गावात चोवीस तास मोजणारं यंत्र बसवा अन् आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, एवढंच म्हणणंय.

बिंदुसरा (बीड):
दादा, उगं घाबरवायलात लोकांना. रेडॉन आपल्या घराच्या जमिनीतून पण येतो. उघड्यावर तो वाऱ्यानं पांगतो, खरा धोका खाणीच्या आत कामगाराला, तिथं मोठे पंखे लावून हवा खेळती ठेवतात. यलोकेक म्हणजे खनिजातून काढलेली युरेनियमची भुकटी सुकवतात तिथल्या धुराड्याला स्क्रबर असतो, पाण्याच्या फवाऱ्यानं धूळ धरतो. झारखंडात जादूगोड्याला 1967 ला युरेनियमची खाण सुरू झाली, मोजमाप होतंच की.

मांजराकाठ:
पंखे ती हवा शेवटी बाहेरच सोडतात ना? अन् स्क्रबर असणं वेगळं, तो रोज चालू असणं वेगळं. माझ्या मामाचं गाव वीज केंद्राच्या एका राखेच्या तळ्याजवळ आहे, उन्हाळ्यात तळं सुकलं की मामीनं सकाळी गच्चीवर टाकलेल्या कुरडयांवर दुपारपर्यंत करडा थर बसतो, बोट फिरवलं की रेघ उमटते, अन् साहेब येणार त्या दिवशी मात्र सकाळपासून टँकरनं पाणी मारतात. वर्षाची सरासरी काढली की तो एप्रिल-मे कुठं दिसतो?

तेरणाकाठ (धाराशिव):
मुद्दा बरोबर आहे. रेडॉन मोजायला बऱ्याचदा फिल्म बसवलेली छोटी डबी तीन महिने टांगून ठेवतात, मग फिल्मवरचे डाग मोजतात. कोणत्या रात्री किती वाढला ते त्यात कळतच नाही. शिवाय खाण चालवणारी कंपनी अणुऊर्जा खात्याची, मोजणारी प्रयोगशाळा पण त्याच खात्याची. यावर देखरेख करणारं अणुऊर्जा नियामक मंडळ पुरेसं स्वतंत्र नाही हे कॅगनं 2012 ला लिहून ठेवलंय.

बिंदुसरा:
खातं एक असलं म्हणून आकडे खोटे होत नाहीत, हे काम येणारी माणसं तिथंच आहेत. अन् हिवाळ्यात पहाटे हवा जमिनीलगत साचते तेव्हा रेडॉन कुठंही वाढतो, खाण असो नसो. भिंतीवर तो आकडा बघून लोक लेकरं घेऊन पळतील.

मांजराकाठ:
नाही पळणार. जायकवाडी किती टक्के भरलं हे आपल्याकडं शाळेतलं पोरगं पण सांगतं. लांबच्या एखाद्या गावात पण तसंच यंत्र बसवा, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा, पहाटेचा फरक लोकांना आपोआप कळंल. माझी खरी काळजी तळ्याची आहे. धूळ अन् रेडॉन दाबायला गाळ ओला ठेवावा लागतो नाहीतर मातीचा जाड थर द्यावा लागतो. मे महिन्यात माणसाला प्यायला टँकर लागतो त्या पट्ट्यात गाळ ओला ठेवायला पाणी कुठून आणणार, हे परवानगी द्यायच्या आधी लिहून घ्या.

बिंदुसरा:
हे पटलं. मातीचा थर पहिल्या दिवसापासून टप्प्याटप्प्यानं घालायची अट टाका. यंत्राबद्दल माझं मत आहे तेच आहे.