ठाण्याच्या चर्चला कलकत्त्याचे बिशप कसे काय?

कोपरीकर:
सोसायटीतल्या मुलांना ठाण्यातल्या जुन्या वास्तू दाखवायच्या आहेत. सेंट जेम्स चर्चबद्दल वाचताना कळलं की १८२५ मध्ये त्याचं समर्पण कलकत्त्याचे बिशप हेबर यांच्या हस्ते झालं. एवढ्या लांबून का? मुंबईचे बिशप नव्हते का?

चरईवाला:
नव्हते. मुंबईचा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा, धर्मप्रांत (बिशपच्या हाताखालचा प्रदेश) झाला १८३७ मध्ये, पहिले बिशप थॉमस कार. हेबर यांच्या वेळी सगळा हिंदुस्थान आणि सिलोन कलकत्त्याकडे, वर ऑस्ट्रेलियाही!

निवृत्त बाई, नौपाडा:
रेजिनाल्ड हेबर माझ्या फार आवडीचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जन्म १७८३, इंग्लंडमधल्या मालपासचा. हॉडनेट नावाच्या गावी कित्येक वर्षं पाळक होते. कवी माणूस, ट्रिनिटी संडेला, म्हणजे त्रैक्याच्या रविवारी, आम्ही गातो ते ‘होली, होली, होली’ हे गीत त्यांचंच. कलकत्त्याच्या पदाला आधी नाही म्हणाले, मग मन बदललं आणि १८२३ मध्ये आले.

जून १८२४ मध्ये कलकत्त्याहून निघाले ते अलाहाबादपर्यंत नावेने, पुढे घोड्यावरून, मुक्काम तंबूत. लखनौ, अल्मोडा, दिल्ली, जयपूर करत गुजरातेत उतरले. नडियादला स्वामीनारायणांची भेट झाली. एप्रिल १८२५ मध्ये मुंबईला पोचले. पावसाळ्यात पनवेलवरून बोरघाट चढून पुण्याला गेले, तिथल्या सेंट मेरीज् चर्चचंही समर्पण केलं. वाटेत खोपोलीचा नाना फडणविसांचा तलाव पाहिला. ठाण्याबद्दल काय लिहिलंय माहितीये? गाव नीटनेटकं, आणि इथले पोर्तुगीज लोक डुकराचं मांस खारवण्यात पटाईत! मुलांना हे नक्की आवडेल.

चरईवाला:
बाई, पण हिंदूंना अंधारातले समजणारं गीतही त्यांचंच ना?

निवृत्त बाई, नौपाडा:
हो, १८१९ चं, हिंदुस्थानात यायच्या आधीचं. ते मलाही खुपतं, त्याची बाजू मी घेणार नाही. पण याच माणसाने ख्रिश्चन डेव्हिड या तमिळ गृहस्थांना आणि अब्दुल मसीह यांना पाळकपणाची दीक्षा दिली. एतद्देशीय माणसाला पाळक करणं तेव्हा सोपं नव्हतं. मला हे गीतापेक्षा मोठं वाटतं.

पुढचं वाचताना जीव तुटतो. मार्च १८२६ मध्ये तंजावरला आपल्या सरफोजीराजे भोसल्यांना भेटले. ३ एप्रिलला त्रिचनापल्लीत सकाळी तमिळ मंडळीचा दृढीकरणविधी (बाप्तिस्मा झालेल्यांना श्रद्धेत पक्कं करण्याचा विधी) उरकला, बंगल्यावर येऊन आंघोळीला उतरले आणि तिथेच गेले. वय ४२. तिथल्या सेंट जॉन्स चर्चमध्ये पुरलंय. कलकत्त्याचे त्यांच्या आधीचे बिशप मिडलटन १८२२ मध्ये वारले, नंतरचे जेम्स १८२८ मध्ये, टर्नर १८३१ मध्ये. एवढा अफाट प्रांत एकाच माणसाच्या गळ्यात घालणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

कोपरीकर:
बाई, खूप आभार. सरफोजीराजांचं तर ठाऊकच नव्हतं. रविवारी उपासना झाल्यावर मुलांना आणलं तर चालेल?

निवृत्त बाई, नौपाडा:
चालेल की. पाळकसाहेबांना आधी विचारून ठेवा, मीही येते.