सूट्स संपली, आता फर्ममधली भाऊबंदकी असलेली दुसरी मालिका सुचवा

चहाबाज_मीनल:
वकिलांच्या फर्मवरची 'सूट्स' ही अमेरिकन मालिका, तिचे नऊही सीझन (२०११ ते २०१९) संपवले. खरं सांगते, कोर्टातले युक्तिवाद मी पळवत पाहिले. मला रस होता खुर्चीत. पियर्सन हार्डमन, पियर्सन डार्बी, पियर्सन स्पेक्टर लिट... पाटी रंगवणाऱ्याचं घर त्या एका फर्मवर चाललं असेल! फर्मची प्रमुख जेसिका पियर्सन सहाव्या सीझनला शिकागोला निघते तिथे रडले. आणि इतकं करून शेवटच्या पाटीवर हीरो हार्वी स्पेक्टरचं नावच नाही, गादीवर कोण, तर त्याच्याशी सतत भांडणारा लुईस लिट!! असंच काहीतरी सुचवा. मराठी, हिंदी, इंग्रजी, काहीही चालेल.

निवांत_वाचक:
द गुड वाइफ, तीही वकिलांच्या फर्मवरची. डोळे झाकून.

फोर्टकर:
+१. मी स्वतः सॉलिसिटर फर्ममध्ये आहे, म्हणून थोडं सविस्तर. सूट्समध्ये कोणीतरी गुपित काढतो, दम देतो आणि पाटीवर नाव चढवून घेतो. लुईसने तेच केलं. खऱ्या फर्ममध्ये पहिला प्रश्न असतो, अशील कोणाचे? गुड वाइफला हे बरोब्बर कळलंय. चौथ्या सीझनमध्ये फर्म दिवाळखोरीत असते, म्हणून ज्युनिअरांना भागीदारीचं गाजर दाखवून भांडवल मागतात. दुखावलेली ती पोरं मग वेगळी चूल मांडायचं ठरवतात. पाचव्या सीझनचा पाचवा भाग तर दोनदा पाहा: नायिका अलिशिया फुटून निघणार हे फर्मचा भागीदार विलला कळतं, तो तिच्या केबिनमध्ये येऊन टेबलावरचं सगळं हाताने खाली लोटून देतो. तिथून त्या भागाच्या शेवटापर्यंत दोन्हीकडून फोनाफोनी, चमहम नावाचा बडा अशील कोणाकडे जाणार म्हणून.

चहाबाज_मीनल:
बाप रे. थेट पाचव्यापासून पाहिली तर?

फोर्टकर:
नको. विल आणि अलिशियाचं आधीचं माहीत नसेल तर टेबलावरचे कागद नुसतेच पडतील. पहिला सीझन थोडा रेंगाळतो, तेवढा सोसा.

सातारी_मिरची:
त्यानंतर द गुड फाइट, गुड वाइफच्या पुढची मालिका. गुड वाइफमधलीच भागीदार डायन लॉकहार्ट कृष्णवर्णीयांनी उभारलेल्या फर्ममध्ये जाते, आणि पाचव्या सीझनमध्ये प्रश्न येतो की अशा फर्मच्या गादीवर गोरी बाई कशी? डायन माझी लाडकी, तरी तिथे मी तिची कृष्णवर्णीय भागीदार लिझच्या बाजूने होते. जेसिका आवडली म्हणून तिच्यावरच्या 'पियर्सन' मालिकेकडे वळू नका, एका सीझनमध्ये गुंडाळली. सूट्सचीच दुसरी शाखा, सूट्स एलए, तिचंही तेच.

निवांत_वाचक:
सूट्स एलए मी पाहिली. सहानुभूती नको.

चहाबाज_मीनल:
ठरलं, आज रात्री गुड वाइफ. नवऱ्याने आत्ताच विचारलं, "यात तरी कोर्टातलं पळवणार नाहीस ना?" सात सीझन आहेत म्हणून सांगितलं, तो झोपायला गेला.