पायात काहीतरी रुतलंय, पण एक्स-रेत काहीच नाही. आता काय करू?

मुलगी ६ वर्षांची. १२ दिवसांपूर्वी फोटोफ्रेम पडून फुटली आणि बाईसाहेब अनवाणी त्यावरूनच पळाल्या. टाचेला जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची जखम. धुऊन पट्टी केली, टिटॅनसचं विचारून घेतलं, चार दिवसांत वरून भरलीही. पण अजून ती चवड्यावरच चालते, आणि एका ठरावीक जागी बोट लावलं की किंचाळते. कालपासून तिथे टणक लागतंय, जराशी लालीही आहे.

एक्स-रे समोरून आणि बाजूने, असे दोन्ही काढले. रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टर म्हणाले थांबून बघू. सासूबाई म्हणतात, काच पारदर्शक, ती एक्स-रेत कशी दिसेल? नवऱ्याला सीटी स्कॅन हवाय. मला एवढ्याशा पोरीला पुन्हा किरणं नकोत. कुणाला अनुभव आहे का? डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद १
मी रेडिओग्राफर आहे. इथून निदान करता येणार नाही, पण सासूबाईंचा समज आम्ही रोज ऐकतो! डोळ्याला आरपार दिसणारी काच एक्स-रेला आरपार नसते. ती मांसापेक्षा बरीच घन, त्यामुळे २ मिलिमीटरच्या वरचा तुकडा सहसा दिसतोच.
फ्रेम कशाची होती? लाकूड, काटा, बरंचसं प्लास्टिक फिल्मवर मांसात मिसळून जातं. त्यासाठी सोनोग्राफी विचारा. किरणं नाहीत, आणि कुसळ पांढरं उठून मागे काळी सावली पडते. चिठ्ठीवर 'लाकडाचं कुसळ असण्याची शंका' असं स्पष्ट लिहून घ्या. आमच्याकडे नुसतं 'पाय दुखतो' एवढंच येतं, मग शोधायचं काय? दुखरी जागा पेनाने गोल करून न्या, भरलेली जखम आयत्या वेळी सापडत नाही.

प्रतिसाद २
सुईने कोरत बसू नका, तुकडा आणखी आत जातो. लाली पसरली, पू किंवा ताप आला तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका.

धागाकर्ती
फ्रेम लाकडीच! आम्ही सगळे काचेच्या मागे. माळ्यावरून उतरवून आत्ता पाहिली, खालच्या पट्टीची ढलपी उडालीय. सकाळी दवाखान्यात फोन करते.