मदत हवी आहे: नेपाळच्या सेवादौऱ्याची साक्ष मंडळीत कशी द्यावी?

सर्वांना जय ख्रिस्त. आमचा तरुण संघ नेपाळमधल्या एका डोंगराळ गावातल्या मंडळीबरोबर (चर्चबरोबर) काम करून नुकताच परतला. तिथे उपासना शनिवारी, कारण सुट्टी त्या दिवशी. बाकीचे दिवस छपराचे गळके पत्रे बदलणं आणि मुलांसोबत गाणी. जेवणाआधी एक आजी आमच्या हातावर पाणी घालायच्या, नको म्हटलं तरी ऐकायच्या नाहीत.

आता साक्ष द्यायची आहे, म्हणजे दौऱ्याचा अनुभव फोटोंसह मंडळीसमोर सांगायचा आहे, आणि आमची उपासना यूट्यूबवर थेट जाते. नेपाळमध्ये २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत (कलम १५८) धर्मांतर घडवल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आहे. आम्ही तसं काही केलं नाही. पण फोटो पाहून कुणी तक्रार केलीच, तर आम्ही इथे सुखरूप आणि भोगायचं तिथल्या पाळकांनी (पास्टरांनी).

चेहरे धूसर करून पाहिले, तरी पाटी आणि मागच्या टेकडीवरून गाव ओळखू येतं. पाळकांना विचारलं तर म्हणतात, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." हे संकोचापोटी आहे असं मला वाटतं, म्हणून ती परवानगी मी धरत नाही. देणगीदारांना पैसे कुठे लागले ते दाखवायलाच हवं, तेही रास्त. प्रक्षेपण थांबवायला आमच्या मंडळीचे वडीलजन तयार नाहीत.

असे दौरे केलेल्यांनी कृपया सांगावं: गाव आणि माणसं उघड न करता साक्ष आणि हिशेब तुम्ही कसे मांडलेत? आणि व्हॉट्सअॅपवर आधीच फिरलेल्या फोटोंचं काय केलंत?