ओल्ड सॅन हुआन: बाबांना घेऊन संध्याकाळी कुठे बसावं?

साखरपट्टा_एडिसन

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात चार रात्रींसाठी पोर्तो रिकोला (कॅरिबियनमधलं अमेरिकेच्या ताब्यातलं बेट) जातोय. मी, बायको आणि बाबा. बाबा ६८ वर्षांचे. सांगलीकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. सध्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत. आठवड्यातून एकदा एक पेग रम घेतात, पण ओठाला लावायच्या आधी पाच मिनिटं नुसता वास घेत बसतात.

मी त्यांच्याबरोबर कधी बारमध्ये बसलेलो नाही. गावात ते शक्यच नव्हतं. या वेळी मला बसायचं आहे, म्हणून विचारतोय.

बायको पीत नाही आणि शाकाहारी आहे. बाबांचा उजवा गुडघा दुखतो. फार गोंगाट नको, पण हॉटेलच्या लॉबीतला चकचकीत बारही नको. जिथे त्या गावाचीच माणसं येतात अशी जागा हवी. तिथे राहिलेलं कुणी आहे का?

दर्यावर्दी

आम्ही क्रूझवरून उतरून जेमतेम पाच तास फिरलो. काये (म्हणजे रस्ता) फोर्तालेसावर बारराचिना आहे, १९६३ साली पिन्या कोलाडा (रम, अननस आणि नारळाचं पेय) इथेच तयार झाली अशी संगमरवरी पाटी दाराशी लावली आहे. अंगणात बसायला छान वाटलं. वहिनींना रमशिवाय मिळेल.

व्हॅलिडेशनवाली

साखरपट्टा, आधी तारखा बघा. जानेवारीच्या तिसऱ्या शनिवार-रविवारच्या आसपास तिथे सान सेबास्तियान रस्त्याचा उत्सव असतो, गुरुवार ते रविवार. दिवसा कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे घातलेली माणसं नाचत जातात, डफासारख्या पांदेरेता वाजवत प्लेना ही तिथली लोकगीतं गातात, ते सुंदर असतं. पण संध्याकाळनंतर मुंगी शिरायला जागा राहत नाही. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला घेऊन तिथे जाऊ नका. सोमवार ते गुरुवार सकाळ असं बसवता आलं तर बघा, नाहीतर एक आठवडा पुढे ढकला.

मी तिथे तीन वर्षं होते. पोर्तो रिकोत औषधांचे कारखाने खूप आहेत. माझं काम त्यातल्या एकात व्हॅलिडेशनचं, म्हणजे यंत्रं आणि प्रक्रिया बरोबर चालतात का ते तपासण्याचं, आणि राहायला जुन्या गावात काये सोलवर दुसऱ्या मजल्यावर. खाली रस्ता, वर आम्ही. म्हणून एक गोष्ट मनापासून सांगते: ते गाव १५२१ पासून वसतं आहे आणि आजही बारच्या डोक्यावर लोक राहतात, लहान मुलं झोपतात. २०२३ च्या शेवटी नगरपालिकेने रात्री उशिरा दारू विकण्यावर बंधनं आणली, तेव्हा बारवाले आणि रहिवासी यांच्यात बराच वाद झाला. मला दोन्ही बाजू पटत होत्या. रात्र रस्त्यावर काढण्यापेक्षा एका जागी बसून काढा.

आता जागा. काये सान सेबास्तियान आणि काये सान होसेच्या कोपऱ्यावर ला फाक्तोरिया. पाटी नाही. रंगाचे पोपडे निघालेल्या भिंती, उंच दारं, दोनदा समोरून गेलात तरी कळणार नाही. २०१३ पासून आहे आणि जगातल्या उत्तम बारच्या यादीत अनेकदा आलाय, त्यामुळे आठनंतर पाय ठेवायला जागा नसते. तुम्ही उघडल्या उघडल्या जा. पुढची खोली भरायच्या आधी काकांना बसायला स्टूल मिळेल, आणि बार सांभाळणाऱ्याला रमबद्दल विचारायला वेळही. खोलीमागे खोली, तिच्यामागे आणखी एक, अशी ती जागा आहे. मागच्या खोल्या उशिरा उघडतात, साल्साचा नाच तिकडे. त्यासाठी थांबू नका.

माझी स्वतःची जागा मात्र एल बातेय. काये देल क्रिस्तोवर, एल कोन्व्हेंतो हॉटेलच्या समोर. हॉटेल म्हणजे १६५१ चा कार्मेलाइट पंथाच्या ख्रिस्ती नन्सचा मठ, आणि समोर ही अंधारी खोली: भिंतीवर छतापर्यंत लोकांनी पेनाने, खडूने लिहून ठेवलेलं, दिव्यांच्या छत्र्यांना शेकडो व्हिजिटिंग कार्डं टोचलेली, एक पूल टेबल. रोख पैसे न्या. बातेय हा तिथल्या मूळ टाइनो लोकांचा शब्द, चेंडू खेळायच्या आणि सोहळ्याच्या मोकळ्या पटांगणाचा. पुढे घरापुढच्या अंगणाला तोच शब्द राहिला. मी सोमवारी कामावरून आल्यावर तिथे जायचे. पहिले दोन महिने कुणी बोललं नाही, कारण मी दारातून आत जाऊन गुपचूप बसायचे. मग शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी शिकवलं: आत शिरताना सगळ्या खोलीला उद्देशून ‘बुएनास’ म्हणायचं. आपण देवळातून आलेल्याला ‘दर्शन झालं का’ विचारतो ना, तितकं साधं. त्या दिवसापासून मला त्या खोलीत माणसं मिळाली. तुम्ही खात असाल तर जाणारा अनोळखी माणूससुद्धा ‘बुएन प्रोवेचो’, म्हणजे सावकाश जेवा, म्हणतो. काकांना हे दोन शब्द नक्की शिकवा.

दर्यावर्दींनी सांगितलेल्या पाटीबद्दल: कारिबे हिल्टनचं म्हणणं आहे की १९५४ मध्ये त्यांच्या बारमधल्या रामोन मारेरोने ती आधी केली. वाद मिटलेला नाही. १९७८ मध्ये ते पोर्तो रिकोचं अधिकृत पेय ठरलं हे खरं. मला ती फार गोड लागते.

काकांसाठी खरी जागा जुन्या गावात नाहीच. बायामोनला आसियेंदा सांता आना, जिथे रोन देल बारिलितो ही रम १८८० पासून आहे. गाडीने अर्धा तास धरा, आधी बुकिंग करा. इथलं मुख्य काम मुरवण्याचं, शेरीच्या जुन्या पिंपांत. त्या गोदामात १९४२ साली भरून ठेवलेलं एक पिंप आहे. पोर्तो रिको स्वतंत्र होईल त्या दिवशीच ते फोडायचं आणि रम लोकांना फुकट वाटायची, असं ठरवून ठेवलंय. तिथे उभं राहून मी रडले होते. कारण सांगता येत नाही.

साखरपट्टा_एडिसन

ताई, काय लिहिलंत! तारखा बदलल्या, एक आठवडा पुढे. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला: मळी कुठल्या कारखान्याची? आणि बायकोच्या जेवणाचं सांगा.

व्हॅलिडेशनवाली

काकांना वाईट वाटेल. बेटावरचे शेवटचे साखर कारखाने २००० साली बंद पडले. आता मळी बहुतेक बाहेरून येते. रम मात्र तिथलीच: कायद्याने किमान एक वर्ष ओकच्या पिंपात ठेवावीच लागते.

जेवण: मोफोंगो मागा. हिरवी केळी तळून लसणाबरोबर लाकडी खलबत्त्यात कुटतात. त्यात डुकराची तळलेली साल घालतात, म्हणून ‘सिन चिचार्रोन’ (ती साल नको) असं ठासून सांगा, आणि वरचा रस्सा कशाचा ते विचारा. गांदुलेस म्हणजे आपले तुरीचे ओले दाणे! भातात मात्र बहुतेक वेळा हॅम असतं.

आणि गुडघा: रस्त्यावर निळसर विटा आहेत, लोखंडाच्या भट्टीतून निघणाऱ्या धातुमळीच्या. पाऊस पडून गेला की भयंकर निसरड्या. बंदराकडून सान सेबास्तियानपर्यंत चांगलाच चढ आहे. टॅक्सीने वर जा आणि उतारावरून सावकाश खाली या.

खवय्या_ठाणे

सॅन हुआनमधल्याच साँतुर्से भागातल्या ला प्लासिताबद्दल कुणी लिहिलं नाही. १९१० चा बाजार, सकाळी भाजी, गुरुवारपासून रात्री भोवतालच्या गल्ल्यांत लोक मेडाया बिअरचे छोटे कॅन हातात घेऊन नाचतात. वयस्कर जोडपीसुद्धा. आठच्या आत गेलात तर बाबांनाही आवडेल.

साखरपट्टा_एडिसन

परत आलो. सविस्तर लिहायला बसलो की लांबेल, पण एवढं लिहितोच.

एल बातेयमध्ये बाबा दारातच थांबले आणि खणखणीत आवाजात ‘बुएनास’ म्हणाले. चार माणसं होती, चौघांनी उत्तर दिलं. आम्ही दोन तास बसलो. बायकोने लिंबू-सोडा घेतला. बाबांनी बारिलितोचा वास घेता घेता मला १९८६ च्या गळीत हंगामातली रात्रपाळी सांगितली. फर्मेंटरला एवढा फेस आला की टाकी वरून वाहायला लागली, आणि ते आणि त्यांचे सहकारी पाटीलकाका गुडघाभर फेसात उभं राहून पहाटेपर्यंत निस्तरत होते. मी तेव्हा पाच वर्षांचा, घरी तापाने फणफणलेला. घरी निरोप आला होता, पण त्यांना निघता आलं नाही. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. आई सांगायची, पण वेगळ्या सुरात.

बायामोनला १९४२ च्या पिंपासमोर ते बराच वेळ उभे होते. मग गाइडला विचारलं, इतक्या उष्णतेत इतक्या वर्षांत किती उडून गेली असेल. आणि पिंपाच्या लाकडावर हात ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवतात तसा.

ताई, शेवटची शंका. बाबा मार्चमध्ये परत जातायत. तीन-स्टार बारिलितोच्या ७५० मिलीच्या तीन बाटल्या घेतल्यात, एक पाटीलकाकांसाठी. भारतात चालतील ना?

व्हॅलिडेशनवाली

ड्यूटी न भरता माणशी दोन लिटर. तीन झाल्या तर सव्वादोन होतात. दोन पाठवा, तिसरी तुमच्याकडे ठेवा. आणि चेक-इन बॅगेत, काकांच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून.